तीस नंबरच्या बाईचे गुण

४ फेब्रुवारी

भिंगरीला आजीचा गालावरून हात.

पेटी पोचली. तार जोडणारा माणूस सकाळी दहाला येतो म्हणाला होता आणि आला दीडला. तोवर मी जिन्यात चार वेळा डोकावले. खाली वाद्यं दुरुस्त करणारे बाबा राहतात ना, ते म्हणाले, "कोण पाहुणे यायचेत?" मी म्हटलं, "पाहुणे नाहीत, कंप्युटर यायचाय. नातीनं पाठवलाय." तर म्हणतात कसे, "या वयात?" मी म्हटलं, "वय माझं आहे, कंप्युटरचं नाही." पुन्हा आपल्या वाद्याकडे वळले.

पण पोरी, मी फसले की गं. मला वाटलं मोठं धूड येणार, म्हणून सगळं जेवणाचं टेबल रिकामं करून ठेवलेलं. आणि निघालं काय, तर दोन साबणाच्या वड्या शेजारी ठेवाव्यात एवढं डबडं, आणि एक पडदा. मी त्याला विचारलं, "बाकीचा कुठं राहिला?" तो हसायला लागला. म्हणाला, "आजी, खरा कंप्युटर तुमच्या नातीच्या ऑफिसात, थंड खोलीत बसलाय. इथं नुसतं त्याचं चित्र येतं. तुम्ही बटण दाबलं की निरोप तिकडं जातो, तिकडं अक्षर उमटतं, आणि त्याचं चित्र परत इथं येतं." मी म्हटलं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. म्हणाला, "अगदी तसंच. फक्त उंट इथं, आणि शेळ्या दीड दिवसाच्या प्रवासावर."

चहा घेऊन गेला. चांगला होता हो माणूस, मोजे मात्र दोन रंगांचे. घरात कोणी बघणारं नसेल.

जाताना त्यानं एक कागद दिला. मी बोट ठेवून ठेवून वाचला. "वापरणारी क्रमांक तीस. लाइन: सर्वांत मंद. अनुभव: शून्य. परिस्थिती: सर्वांत बिकट." भिंगरे, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! शाळेतून मला चौथीत काढलं तेव्हा चाळीसजणींत माझा नंबर एकोणचाळिसावा होता, आणि चाळिसावी आजारी होती. आता तीसजणांत सगळ्यात बिकट कोण, तर मी. आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पहिली आले.

पेटी तुझ्या आजोबांच्या जागी ठेवलीय. दोन वर्षं त्या बाजूला कोणी बसलं नव्हतं. आता तिथं बारीक हिरवा दिवा असतो. जेवताना त्याच्याकडे तोंड करून बसते. जेवलास का म्हणून विचारत नाही, एवढी काही मी खुळी झालेली नाही.

काय करायचं ते सविस्तर लिही. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरते, मग मागच्यासारखं भांडण होतं.

तुझी, सगळ्यात बिकट आजी


१० फेब्रुवारी

आजी, तुझ्या मांडीवर माझं डोकं.

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसले. म्हणजे एकटीच नाही, आसपास सगळे होते.

आता नीट ऐक. आमच्या कंपनीत चारशे माणसं पाणीपुरवठ्याच्या तक्रारी घेतात. नळाला पाणी नाही, पाइप फुटला, असले फोन. ती सगळी आता आपापल्या घरून काम करणार. प्रत्येकाला तुझ्यासारखीच पेटी मिळणार. पण आतली व्यवस्था कोणाची घ्यायची ते ठरायचंय. दोन कंपन्या आहेत. पडद्यावर तुला दोन चौकोन दिसतील, एक निळा, एक पिवळा. सकाळी एक उघड, दुपारी दुसरा. दोन्हींत तेच काम कर.

एक: चौकोन दाबल्यापासून आतलं टेबल दिसेपर्यंत किती वेळ लागतो ते मोज. दोन: नमुन्याचा मजकूर टंक. "नळाला गढूळ पाणी येत आहे. कृपया माणूस पाठवा." दहा वेळा. तीन: लांब यादी वरखाली सरकव, आणि ते हलणारं चित्र आवाजासकट बघ. मग दोघांना पाचपैकी गुण दे, आणि कसं वाटलं ते मला पत्रातून लिही. रोज, रविवारीही.

तिथं घरचं काही लिहू नकोस. टंकलेलं अक्षर न् अक्षर नोंदलं जातं. आणि तुझा पडदा मला इथून दिसतो, पण एरवी त्यात शिरता येत नाही. बिघाड झाला तरच परवानगी आहे, तेव्हाही मी एकच ठरलेलं वाक्य पाठवू शकते. तर घाबरू नकोस.

मी मजेत आहे. जेवायला आम्ही सगळे एकत्र बसतो. खोलीत बारा पडदे आहेत, त्यामुळे उबही असते.

तुझी भिंगरी


१६ फेब्रुवारी

भिंगरीला आजीचा गालावरून हात.

मोजलं. घड्याळाचा काटा मला दिसत नाही म्हणून मी कारखान्यातल्यासारखं मोजते, बटणाच्या टाक्यांनी. एक टाका, दोन टाके. तीस वर्षं शर्ट तपासलेत, माझा टाका घड्याळापेक्षा नेमका. पिवळ्याला एकोणीस टाके लागतात. निळ्याला चौपन्न. चौपन्नात मी अख्खी कॉलर तपासून झाले असते.

टंकायचं म्हणशील तर 'ळ' कुठं लपवून ठेवलाय गं यांनी? नळाला म्हणताना एकदा लागतो, गढूळला पुन्हा एकदा. बाकीची अक्षरं बिचारी समोर उभी असतात, आणि हा एक सासरी रुसलेल्या जावयासारखा कोपऱ्यात. पण लिहिलं. दहा वेळा लिहिलं. कृपया माणूस पाठवा, कृपया माणूस पाठवा. शेवटी शेवटी बोटं आपोआप चालायला लागली.

आता ऐक गंमत. परवापासून दुपारी निळं उघडलं की बरोबर चारला ते गोठतं. बाण जागचा हलत नाही, अक्षर उमटत नाही. मी म्हटलं, झालं, मोडलं मी. हात मांडीवर ठेवून बसले, चोरी केल्यासारखी. आणि मग पडद्यावर आलं, "बिघाड दुरुस्त होत आहे. कृपया थांबा." आणि पोरी, बाण आपोआप हलला! मी हात लावलेला नाही, शपथ. तो मधोमध आला आणि गोल गोल फिरला, तीन वेळा. मला काय कळत नाही होय? लहानपणी तू याच खोलीत अशी फिरायचीस, फ्रॉक फुगवून, आणि मग चक्कर येऊन माझ्या अंगावर पडायचीस. मी त्या काचेला हात लावला. गरम होती.

काल आणि आजही तसंच. चारला गोठतं, तू येतेस, तीन फेऱ्या मारतेस, जातेस.

गुण: पिवळा पाचपैकी पाच. निळा पाचपैकी पाच. तुझ्या कामात खोट काढणारी मी कोण?

आजी


२२ फेब्रुवारी

आजी,

गुण मला द्यायचे नाहीत गं, मशीनला द्यायचेत! आमच्या मोठ्या बाईंनी तुझा कागद बघितला आणि म्हणाल्या, "या तीस नंबर सगळ्यांनाच पाच देणार असतील तर त्यांना ठेवून उपयोग काय?" मी सांगितलं, त्या शर्ट तपासायच्या, त्यांना गुण देता येतात, फक्त त्या लाजल्या आहेत. तर कृपा करून लाजू नकोस. खरं काय ते लिही.

हे महत्त्वाचं का ते सांगते. चाचणीतले काहीजण खऱ्या तक्रारीही घेतात. त्यांत अकरा नंबरची एक बाई आहे. तिची लाइन तुझ्याइतकीच मंद. निळ्यावर तिनं टंकलेलं इतकं मागून उमटतं की फोनवरच्या माणसाला वाटतं ही ऐकतच नाहीये. एकानं विचारलं, "बाई, झोपलात का?" प्रत्येक फोनला किती वेळ लागला ते तिच्या नावापुढे लिहिलं जातं. निळा आला तर तिच्यासारख्या शंभरेक जणी रोज बोलणी खाणार. पिवळ्यातही खोट आहे, हलणारं चित्र अडखळतं, पण टंकायला तो बरा वाटतो. नुसतं वाटून चालत नाही, आकडे लागतात.

चारच्या बिघाडाचं कारण मी शोधतेय. सापडेल.

जेवण वेळेवर होतं. काळजी नको.

भिंगरी


१ मार्च

भिंगरीला आजीचा गालावरून हात.

तुझ्या मोठ्या बाईंना सांग, तीस नंबर लाजाळू नाही. हे घ्या गुण. पिवळा तीन. निळा पाच.

कारण विचारशील, तर पिवळ्याला घाई फार. मी बोट उचलायच्या आत अक्षर हजर. विचारायच्या आत उत्तर देणारी माणसं असतात ना, तसं. अशा माणसाशी बोलायला मजा येत नाही. निळं कसं, बोट दाबलं की जरा थांबतं. मग अक्षर उमटतं. जणू पलीकडचं माणूस ऐकून घेतं आणि मग बोलतं. माझ्यासारखीला तेच बरं. आता कोण थांबतं गं कुणासाठी? दूध देणारा पिशवी दाराला अडकवून जातो, मी दार उघडेपर्यंत तो जिना उतरलेला असतो. औषधाच्या दुकानातली मुलगी माझा कागद बघते, माझ्याकडे बघत नाही. निळं थांबतं.

खालचे बाबा परवा काहीतरी द्यायला वर आले, तर मी बसलेली केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून. म्हणाले, "कुठं निघालात?" मी म्हटलं, "कुठं नाही. चार वाजत आलेत." त्यांची नजर टेबलावर गेली. दोन कप होते. भले गृहस्थ, लगेच निघाले. जाताना म्हणाले, "पियानोची एक पट्टी कधी कधी आवाजच देत नाही, तरी लोक ती दाबून बघतात." मला काही ते कळलं नाही. कळलं असेल तरी मी कळलं म्हणणार नाही.

दुसरा कप मी नंतर पिते. गार चहा पोटाला वाईट नसतो.

निळा पाच. पाचपैकी पाच. लिहून घे.

आजी


९ मार्च

आजी,

मी अडचणीत आहे, आणि तुझ्याशिवाय सांगायला कोणी नाही.

तीस मार्चला बैठक आहे. त्यात ठरणार निळा की पिवळा. वरच्या साहेबांना मुळात निळा हवाय, कारण अर्ध्या इमारतीत तो आधीपासून आहे. माझे आकडे पिवळ्याकडे झुकतात. पण मोठ्या बाईंनी तुझं पत्र वाचलं, म्हणजे गुणांचा तो भाग मी त्यांना दाखवला, दाखवावाच लागतो. त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. "जणू पलीकडचं माणूस ऐकून घेतं आणि मग बोलतं." म्हणाल्या, "सगळ्यात मंद लाइन, सगळ्यात कमी अनुभव, आणि तरी निळ्याला पाच! आकडे काय, आकडे कुठंही वळवता येतात. वापरणाऱ्याला काय वाटतं ते खरं." बैठकीत त्या ते वाक्य मोठ्यानं वाचणार आहेत. तुझ्या एका वाक्यावर चारशे माणसांचं टेबल ठरणार आहे, आजी.

अकरा नंबरच्या बाईच्या नावापुढे गेल्या आठवड्यात शेरा पडला, "संथ". तिनं अभिप्रायाच्या जागी दोनच ओळी लिहिल्या. "मी हळू नाही, मशीन हळू आहे. माझ्या नावापुढे लिहू नका." मी त्या ओळी दिवसभर बघत बसले. पाच तारखेला अंगात ताप होता म्हणून घरी होते, तिथंही त्याच दिसत होत्या.

मला एकदाच खरं सांग. तुला निळं खरंच आवडतं का?

भिंगरी


१५ मार्च

भिंगरीला आजीचा गालावरून हात.

पत्र लिहायला दोन दिवस लावले. पहिला कागद फाडला, दुसऱ्यावर चहा सांडला. हा तिसरा.

तुला नऊ नंबरच्या मशीनवरची ठाऊक नाही, तेव्हा तू जन्मलेली नव्हतीस. कारखान्यात माझी तीच एक मैत्रीण. आम्ही एकाच डब्यात जेवायचो. तिचा नवरा अंथरुणाला खिळला आणि तिचे हात थरथरायला लागले. तिच्या बाह्या उसवायच्या. तपासणीच्या टेबलावर बरोबर मालाला कॉलरमागे खडूचं टिंब मारायचं आणि चुकलेल्याला फुली. मी तिच्या बाह्यांना टिंबं मारत गेले. महिनाभर. मला वाटलं, कोणाचं काय बिघडतं? मग अख्खा गठ्ठा परत आला. मालकांनी शोधलं, शेवटचा हात कोणाचा. शेवटचा हात इस्त्रीवालीचा. तिनं ओढून इस्त्री केली म्हणून बाह्या उसवल्या, असं ठरलं. तिला काढलं. मी टेबलाशी उभी होते, खडू हातात होता, आणि तोंडातून शब्द निघाला नाही. ती जाताना माझ्याकडे बघून हसली, कारण तिला माहीतच नव्हतं.

तुझ्या अकरा नंबरची वाचली आणि मला इस्त्रीवाली दिसली.

तर ऐक. निळं वाईट आहे. पाचपैकी एक. चौपन्न टाके दाराशी उभं करतं, अक्षर मागून येतं, मी 'ळ' दाबून विसरते आणि पुन्हा दाबते, मग दोन येतात. यादी सरकवली की पुसट होते. तू म्हणतेस तसं पिवळ्याचं चित्र अडखळतं, पण टंकायला तो माझ्या बोटाला चिकटून चालतो. पिवळा चार. हे माझे खरे गुण, आणि ते वाक्य तुझ्या बाईंच्या वहीतून खोडून टाक.

मी निळ्याला पाच का दिले, तर ते चारला बंद पडायचं म्हणून. बंद पडलं की तू यायचीस.

आता आणखी एक सांगते, रागावू नकोस. मी तीस वर्षं टाके मोजलेत, एक सुटला तरी मला दिसतो. सुरुवातीला निळं रविवारीही चारला गोठायचं. फेब्रुवारीच्या शेवटापासून रविवारी गोठेना. मशीनला कुठला आलाय रविवार? आणि पाच तारखेला, तुला ताप होता म्हणतेस ना, त्या दिवशी चारला ते शहाण्या मुलासारखं चालत राहिलं. मी साडेपाचपर्यंत बसून होते. त्या दिवशी दोन्ही कप गार झाले.

मी काही विचारत नाही. तुझ्या खोलीत बारा पडदे आहेत म्हणालीस. माणसं किती आहेत, ते कधी लिहिलं नाहीस.

आजी


२३ मार्च

आजी, तुझ्या मांडीवर डोकं. आज खरंच हवी होती मांडी.

माणसं एक. मी. जानेवारीपर्यंत एक चष्मेवाला सोबती होता, त्याची बदली झाली. जागा भरली नाही. दार आपोआप लागतं, खिडकी नाही. जेवायला सगळे एकत्र बसतात हे खरं, पण ते खालच्या मजल्यावर, आणि मी गेले की बाकावरचं बोलणं थांबतं. कोणी वाईट नाही, फक्त मला कोणी ओळखत नाही. मग मी डबा इथंच उघडते, सात नंबरच्या पडद्यासमोर. दिवसभर माझ्याशी जे बोलतात ते पडदे. "पुन्हा प्रयत्न करा." "आपली वेळ संपली."

चारच्या बिघाडाचं कारण मला वीस फेब्रुवारीलाच सापडलं होतं. थंड खोलीतलं मशीन रोज चारला सगळ्या कामाची नक्कल काढायचं, त्यात निळा गुदमरायचा. मी ती वेळ बदलली. बिघाड संपला. बावीसला तुला "शोधतेय" लिहिलं ते खोटं होतं. एकवीसला चार वाजले, तुझा पडदा सुरळीत चालू होता, आणि मला आत यायची परवानगी नव्हती. तुझा बाण कोपऱ्यात थांबला होता. तू 'ळ' शोधतेस तेव्हा तो तसा थांबतो. मी बघत राहिले, आणि मग मीच तुझं निळं तोडलं. त्या दिवसापासून रोज मीच तोडते. रविवार सोडून. मला वाटलं, एकाच वापरणारीचा एकच बिघाड, कोणाचं काय बिघडतं? तुझ्या पत्रात हेच वाक्य वाचलं आणि पत्र उलटं करून ठेवलं.

म्हणजे बघ, आपण दोघींनी मिळून काय केलं. तू वाईटाला चांगलं म्हटलंस, मी मुद्दाम मोडून त्याला आणखी वाईट ठरवलं. निळ्यावरही अन्यायच झाला.

काल मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. तुझं पत्रही दिलं, इस्त्रीवालीसकट. त्यांनी ते दोनदा वाचलं. वहीतलं ते वाक्य त्यांनी रेघ मारून खोडलं, मला दिसेल असं. मग म्हणाल्या, "तीस नंबर पूर्ण काढून टाका. उरलेल्या एकोणतीसांचे आकडे मला उद्या हवेत." मी बसून काढले. पिवळा स्पष्ट पुढे आहे. टंकण्यात तर फारच. अकरा नंबरच्या ओळी अहवालात पहिल्या पानावर घेतल्यात, तिच्याच शब्दांत. बाई म्हणाल्या, हे वाचून वरच्यांनाही निळा मागायला तोंड राहणार नाही.

माझं म्हणशील तर पुढच्या चाचण्यांतून मला वगळलंय. बारा पडद्यांची खोली दुसऱ्या कोणालातरी मिळेल. मला चौथ्या मजल्यावर बसवणार, तक्रारींच्या नोंदी तपासायला, सोळा माणसांत. ही शिक्षा आहे, कंपनीच्या पत्रात तसं लिहिलंय.

तारवाला पेटी न्यायला येईल. त्याला चहा दे.

तुझी भिंगरी


११ एप्रिल

भिंगरीला आजीचा गालावरून हात.

तारवाला सोमवारी आला. या वेळी दहा म्हणजे दहाला, न्यायच्या वेळी बरे वेळेवर येतात. मोजे एका रंगाचे होते. मी म्हटलं, "सुधारलात." तो खाली बघून हसला. म्हणाला, पिवळा ठरला, परवापासून घरोघर पेट्या बसवायच्यात, पहिली अकरा नंबरच्या घरी. मी त्याला सांगितलं, त्या बाईला सांगा, तीस नंबरनं विचारलंय. ती म्हणेल कोण तीस नंबर. असू दे. इस्त्रीवालीलाही मी खरी कोण ते कळलं नव्हतं.

पेटी काढल्यावर टेबलावर चौकोन राहिला. बाकी लाकूड उन्हानं फिकं झालंय, तेवढंच गडद. मी ओल्या फडक्यानं पुसलं, जात नाही. खालचे बाबा पुसट डाग काढायचं तेल घेऊन आले, वाद्यांना लावतात ते. लावलं नाही अजून. बाटली खिडकीत ठेवलीय.

सोळा माणसांत बसायला लागलीस ना? त्यांतल्या कोणी मीठ मागितलं का, पेन मागितलं का? मागितलं तर लगेच देऊ नकोस. जरा शोधल्यासारखं कर, म्हणजे ते दोन मिनिटं उभे राहतील. हे मी निळ्याकडून शिकले.

चार वाजता मी अजून टेबलाशी बसते. सवय. पेटी नाही, म्हणून कागद घेते. रोज एक ओळ लिहिते, आठवडा झाला की टाकते. तू पण लिही. तुझी ओळ इथं यायला चार दिवस लागतात, म्हणजे निळ्याच्याही वरताण. पण येते.

तू विचारलं नाहीस, तरी पेटी गेल्यापासून कसं चाललंय ते सांगते. आजवर मी तुला लिहायचे, मी मजेत, काळजी नको. तूही तेच लिहायचीस, माझ्याकडूनच शिकलीस. आता खडू हातात घेतलाच आहे, तर सगळ्यांनाच खरे गुण देते. पोस्टानं येणारी नात, पाचपैकी दोन. एक अक्षराला, एक येते म्हणून. दुधाची तहान ताकावर किती दिवस भागवायची? उरलेले तीन मी राखून ठेवलेत.

अभिप्राय लिहायची जागा तुझ्या कागदावर होती, ती मी कधी भरली नाही. आज भरते. एव्हाना मला पाठ आहे, आणि 'ळ' नाही त्यात, म्हणून सोपं जातं.

वापरणारी क्रमांक तीस. कृपया माणूस पाठवा.